लीचेसचं फुकट अ‍ॅनालिसिस: इंजिन बंद करा आणि मग वापरा

आधीच सांगून टाकतो, लीचेस या बुद्धिबळाच्या साइटच्या अ‍ॅनालिसिस बोर्डाला मी पाचपैकी पाच देणारे, आणि ते ज्या गोष्टीसाठी देणारे ती गोष्ट म्हणजे त्यातलं इंजिन, म्हणजे खेळ्या सुचवणारा प्रोग्राम, बंद करायचं बटण. हसू नका, पूर्ण वाचा.

मी काही मोठा खेळाडू नाही. शाळेत असताना तालुक्याच्या स्पर्धांना जायचो, मग नोकरी लागली, बुद्धिबळ सुटलं, आणि लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचं जे झालं तेच माझं झालं, परत मोबाईलवर खेळायला लागलो. आता डोंबिवली ते दादर लोकलमध्ये बसायला मिळालं तर दोन रॅपिड डाव होतात, उभं राहिलो तर एकही नाही. हरलो की डाव तपासायची खाज सुटते, की अरे नक्की कुठे माती खाल्ली. त्यासाठी मी आधी एक पैसेवालं अ‍ॅप घेतलं होतं, नाव घेत नाही, त्यात डाव संपला की एक कार्टून बाई येऊन गोडगोड बोलायची, ही खेळी "भन्नाट", ही "छान", आणि फुकटात दिवसाला अगदी मोजकंच बघायला मिळायचं. वर्षभराचे पैसे भरले, दुसऱ्या वर्षी बंद करायचं विसरलो तर परस्पर कापले गेले, आणि एवढं करून मला एंडगेम, म्हणजे मोहरे कमी उरल्यावरचा डावाचा शेवट, येत होता का? नाही. बाईने "छान" म्हटलेल्या खेळ्या खेळून मी व्यवस्थित हरत होतो.

मग क्लासमधल्या जुन्या मित्राने लीचेस सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, थिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेली साइट आहे, पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, कोड सगळ्यांसाठी खुला, आणि चालते लोकांच्या देणग्यांवर. देणगी दिली तर नावाशेजारी छोटे पंख येतात, बाकी जास्तीचं एकही फीचर मिळत नाही, कारण सगळी फीचर्स सगळ्यांना आधीच दिलेली आहेत. मला पहिल्यांदा खोटंच वाटलं. आपल्याकडे सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मागायला गेलं तरी लोक आरतीला प्रसाद काय ते आधी विचारतात, इथे पंखांवर साइट चालतेय.

आतमध्ये काय काय आहे ते भराभर सांगतो. डाव संपला की एक बटण दाबायचं, त्यांचा सर्व्हर पूर्ण डाव तपासून आलेख काढून देतो, कुठे बारीक चूक, कुठे चूक, कुठे ब्लंडर. (ब्लंडरला आपण घोडचूक म्हणतो, आणि मी तर त्या खरोखर घोड्यानेच करतो.) "स्वतःच्या चुकांमधून शिका" असा एक प्रकार आहे, त्यात तुमचीच चुकीची पोझिशन समोर ठेवून बरोबर खेळी शोधायला लावतात, तो फार चांगला आहे. ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांचा, डेटाबेस आहे, मोठमोठ्या खेळाडूंनी इथे काय खेळलंय ते आकड्यांसकट दिसतं. स्टडी नावाचं प्रकरण आहे, त्यात डाव साठवून, बाण काढून, टिपा लिहून मित्राला लिंक पाठवता येते. आणि अ‍ॅनालिसिस बोर्ड, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता एक डाव घेऊन सांगतो, म्हणजे नीट कळेल.

लिनारेस, स्पेन, १९९८. तोपालोव पांढरा, शिरोव काळा, दोघं बडे ग्रँडमास्टर. (ती स्पर्धा आपल्या आनंदने जिंकली होती, शिरोव दुसरा.) ग्रुनफेल्ड डिफेन्स (डाव सुरू करायची एक पद्धत), बरीच मारामारी, आणि मग सगळं झडून जाऊन अशी पोझिशन येते. (घरांची नावं अशी: पांढऱ्याच्या डावीकडून उभे रकाने ए ते एच, त्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ८.) पांढरा राजा जी१ वर, उंट सी३ वर, प्यादी जी२ आणि एच४. काळा राजा ई६ वर, उंट एफ५ वर, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. काळ्याची ४७वी खेळी. पट असेल तर खरंच मांडा, मोबाईलवर बघू नका.

काळ्याची दोन प्यादी जास्त आहेत, म्हणजे जिंकायलाच पाहिजे असं वाटतं ना? पण उंट विरुद्ध रंगांचे आहेत. पांढऱ्याचा उंट काळ्या घरांवरून चालतो, काळ्याचा पांढऱ्या घरांवरून, दोघं आयुष्यभर एकमेकांना भेटणार नाहीत, एकाच बिल्डिंगमध्ये राहून वेगवेगळ्या लिफ्टने जाणाऱ्या शेजाऱ्यांसारखे. अशा एंडगेममध्ये दोन प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीत सुटतात, कारण कमजोर बाजू राजा आणि उंट घेऊन आपल्या उंटाच्या रंगाच्या घरांवर ठाण मांडून बसते आणि समोरच्याचा उंट नुसता लांबून बघत राहतो. इथे पांढऱ्याला हवंय काय, तर राजा जी१ वरून एफ२, एफ२ वरून ई३. दोन खेळ्या, बस. ई३ वर राजा बसला की शटर बंद.

मी ही पोझिशन लोकलमध्ये लावली होती. लीचेसच्या बोर्ड एडिटरमध्ये एकेक मोहरा ठेवला, शेजारचा माणूस डोकावून बघत होता, आणि सवयीप्रमाणे लगेच इंजिन चालू केलं. स्टॉकफिश म्हणजे काय ते सांगायला नको, २००८ पासून खुल्या कोडवर चालत आलेलं इंजिन, २०२० मध्ये त्यात न्यूरल नेटवर्क आलं आणि ते अजून खतरनाक झालं. अ‍ॅनालिसिस बोर्डावर ते तुमच्याच फोनमध्ये चालतं, त्यामुळे कोपर जायच्या आत माझा फोन इस्त्रीसारखा तापला. थोडा वेळ वरच्या ओळीत साध्या साध्या खेळ्या फिरत होत्या, मग एकदम एक ओळ उडी मारून वर आली: उंट एच३.

मी बघितलं, म्हटलं बरं, उंट एच३, आणि पुढच्या डावाकडे वळलो.

आता इथेच खरी गंमत आहे आणि म्हणूनच हा रिव्ह्यू लिहितोय. बुद्धिबळाच्या इतिहासातली सगळ्यात कौतुक झालेल्या खेळ्यांपैकी एक माझ्या फोनवर आली, मी ती चहाच्या कपासारखी बाजूला सरकवली, आणि मला काहीही कळलं नाही. काहीही. कुणी विचारलं असतं की उंट एच३ का, तर मी म्हटलं असतं कारण स्टॉकफिश म्हणतं. ही लीचेसची चूक नाही, कुठल्याही इंजिनचं तसंच आहे, ते आकडा देतं, कारण देत नाही. पण आकडा एवढा पटकन मिळतो ना, की कारण शोधायची इच्छाच मरून जाते.

त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो होतो. रिटायर्ड माणूस, बँकेत होते, संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये लाकडी पट घेऊन बसतात, मोबाईलवर फक्त व्हॉट्सअ‍ॅप. त्यांना ही पोझिशन मांडून दिली आणि म्हटलं काका, काळ्याची खेळी, जिंकायचंय. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग त्यांनी उंट एफ५ वरून ई४ वर ठेवला, जी२ च्या प्याद्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी पांढऱ्याकडून प्यादं जी३ वर सरकवलं. काकांनी राजा एफ५ वर आणला, मी राजा एफ२ वर. काकांनी राजा जी४ वर आणला, मी राजा ई३ वर. आणि काका थांबले. "अरे हा तर बसला," म्हणाले. मोहरे परत जागेवर ठेवले. मग पाच मिनिटांनी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मला राजा ई४ वर पाहिजे. पण एफ५ वर माझाच उंट उभा आहे रे."

त्या एका वाक्यात सगळा डाव आहे. मला इंजिनने जे सांगितलं नव्हतं ते काकांनी सांगितलं. काळ्या राजाला ई६, एफ५, ई४ असं जायचंय. पांढऱ्या राजाला जी१, एफ२, ई३. दोघांना दोन दोन पावलं. पण काळ्याच्या वाटेत त्याचाच उंट आहे, आणि तो हलवण्यात एक खेळी जाते, आणि ती एक खेळी गेली की पांढरा आधी पोचतो. म्हणजे उंट अशा ठिकाणी जायला हवा की पांढऱ्याला त्याच्याकडे लक्ष द्यावंच लागेल. काकांचा उंट ई४ वर गेला तेव्हा पांढऱ्याने जी३ करून प्यादं वाचवलं, पण उंट बसला कुठे, तर नेमका राजाला जिथे जायचंय त्या घरात.

मी गप्प बसलो होतो, मला उत्तर माहीत होतं ना. काकांनी उंट उचलला, जी४ वरून पुढे नेला, एच३ वर हवेतच धरला, "हे खातोय की प्यादं," म्हणाले, खाली ठेवणार तेवढ्यात हात मागे घेतला, आणि परत तिथेच ठेवला. टक्क असा आवाज झाला. "खा," म्हणाले.

मी जी२ च्या प्याद्याने उंट खाल्ला. राजा एफ५. माझा राजा एफ२. काकांचा राजा ई४. आणि आता माझ्या राजाला ई३ वर पाय ठेवता येत नाही, कारण काळा राजा शेजारी उभा. माझ्याकडे एक अख्खा उंट जास्त आहे आणि मला फक्त समोरून जाणारी प्यादी बघायचीत. उंटाने एफ६ चं प्यादं खाल्लं, तर डी५ चं प्यादं डी४ वर. तोपालोव–शिरोव डावात पुढे असंच झालं: उंट ई७, राजा डी३, उंट सी५, राजा सी४, उंट ई७, राजा बी३, आणि ५३व्या खेळीला तोपालोवने हार मानली.

हार का मानली, ते काकांना लगेच दिसलं नाही आणि मलाही दिसलं नव्हतं. उंट ई७ वरून ए३ घर राखतोय ना, मग ए प्यादं जाणार कसं? इथे मी फोन काढला, लीचेस उघडलं, तीच पोझिशन लावली, आणि पहिल्यांदा मुद्दाम इंजिन बंद ठेवलं. फक्त पट. दोघांनी मिळून हलवत बसलो. पांढरा राजा ई२ वर आला तर काळा राजा सी२ वर. उंट बी४ वर आला, म्हणजे तो आता ए३ पण राखतोय आणि डी२ पण. डी३ शह, राजा ई३, आणि आता ए३! उंटाने खाल्लं की त्याचा डी२ वरचा हात सुटला, प्यादं डी२ वर, पुढे वजीर. एक उंट, दोन प्यादी, आणि दोन कामं एकाच वेळी. बिचारा उंट म्हणजे सणासुदीला दोन घरच्या पूजा एकाच मुहूर्ताला घेतलेला भटजी.

हे कळल्यावर मी लीचेसचं दुसरं काम केलं, जे मला आता सगळ्यात जास्त आवडतं. अ‍ॅनालिसिस बोर्डावरून "इथून पुढे खेळा" असं करता येतं, म्हणजे हीच पोझिशन घेऊन संगणकाविरुद्ध डाव सुरू. मी काळा घेतला. उंट एच३, खाल्लं, राजा एफ५, राजा ई४, डी४, सगळं पाठ. उंट ई७ झालं आणि मला चेव चढला, म्हटलं ए३ ची युक्ती माहितीये आपल्याला, टाक ए३. उंटाने ए३ खाल्लं, पांढरा राजा निवांत ई१ वर येऊन बसला, आणि माझ्याकडे जिंकण्यासारखं काही उरलंच नाही. तेच प्यादं, तेच घर, फक्त काही खेळ्या आधी. राजा सी२ वर पोचून डी३ झाल्याशिवाय ए३ म्हणजे नुसतं दान. दुसऱ्यांदा बरोबर जिंकलो. तिसऱ्यांदा मुद्दाम पांढऱ्याकडून खेळलो, कुठे सुटका सापडते का बघायला, नाही सापडली.

हे शिकायला मी आयुष्यात कधी पैसे भरले असते तर भरपूर भरले असते.

आता बाकीच्या गोष्टी. टेबलबेस म्हणजे पटावर कमी मोहरे उरले की प्रत्येक शक्य पोझिशनचं आधीच काढून ठेवलेलं अचूक उत्तर. लीचेसवर सात मोहऱ्यांपर्यंत आहे, राजे धरून, आणि तो डेटा सुमारे १७ टेराबाइटचा आहे. तुमच्या फोनवर तो मावायचा प्रश्नच नाही, त्यांच्या सर्व्हरवरून नुसतं उत्तर येतं, प्रत्येक खेळीपुढे जिंकते, बरोबरी, हरते. शिरोवच्या डावात हार मानली तेव्हा पटावर आठ मोहरे होते. मोजून बघा, एक जास्त. मी अक्षरशः कपाळावर हात मारला, ते पांढऱ्याचं एच३ वरचं फालतू प्यादं नसतं तर काम झालं असतं.

कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही ते पण सांगतो. डावाच्या शेवटी कोणीतरी शाबासकी द्यावी, गोड आवाजात समजवावं असं ज्यांना वाटतं त्यांना लीचेस कोरडं वाटेल, आणि त्यात काही गैर नाही, लहान मुलांना तर ती कार्टून बाईच आवडते, माझ्या भाच्याला विचारा. तो नागपूरला असतो, जुलै २०२५ मध्ये नागपूरच्याच दिव्या देशमुखने बातुमीला महिला वर्ल्ड कपची फायनल कोनेरू हंपीविरुद्ध टायब्रेकमध्ये जिंकली, तेव्हापासून त्याच्या शाळेत म्हणे अर्धा वर्ग बुद्धिबळाच्या क्लासला जातो. तो शेवटचा रॅपिड डाव पण एंडगेमलाच फिरला होता, भाच्याला मी तो स्टडीमध्ये टाकून पाठवला, त्याने इंजिन चालू केलं, आलेख बघितला आणि मला लिहिलं "मामा बघितला". वीस सेकंदात. म्हटलं हो, मी पण असाच बघायचो.

जुन्या फोनवर इंजिन जास्त वेळ चालू ठेवाल तर बॅटरी बसेल, हे लक्षात ठेवा. चार्जर नसेल तर सर्व्हरवालं अ‍ॅनालिसिस मागवा, ते त्यांच्याकडे चालतं, तुमचा फोन थंड राहतो. आणि आलेखाखाली जो अचूकतेचा टक्का येतो त्याला फार मनाला लावून घेऊ नका, वीस खेळ्यांत समोरच्याने वजीर फुकट दिला की कोणाचाही टक्का छान येतो.

परवा काका लिफ्टमध्ये भेटले. मला वाटलं पाण्याच्या टँकरबद्दल बोलणार, तर म्हणाले, "अरे, उंट एच३ ला ठेवल्यावर मी खाल्लंच नाही तर? राजा एफ२ला आणला तर?" तळमजला आला होता, पण आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. मी फोन काढला. काळा राजा एफ५, पांढरा राजा एफ३, ई४ अडवून बसला. काका म्हणाले, "बघ." मी उंटाने जी२ चं प्यादं शह देऊन खाल्लं, राजाला खावंच लागलं, तो जी२ला गेला, आणि काळा राजा ई४ वर. उंटाने एफ६ खाल्लं, डी४, आणि मी मोजलं तर पटावर बरोबर सात मोहरे. टेबलबेस उघडलं. पांढऱ्याच्या झाडून सगळ्या खेळ्यांपुढे एकच शब्द, हरते.

काका बराच वेळ त्या यादीकडे बघत होते. मग म्हणाले, "हे माझ्या मोबाईलवर टाकून दे. पण ते फोन तापवणारं इंजिन नको."